मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : आम्हाला कपडे उतरवायला जागा द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

साहेब, मी रुग्णवाहिकेवर चालक आहे. 2020 च्या मार्चमध्ये पुण्यात करोनाचे पहिले रुग्ण सापडले. त्यानंतरच्या पहिल्या दोन लाटा मी गाडीवर काढल्या. पुढची साथ कधी येईल कोणाला ठाऊक, पण ती यायच्या आधी आमचं एक मागणं ऐकून घ्या.

आम्हाला पीपीई किट घालायला शिकवलं, काढायला मात्र नीट शिकवलं नाही. खरा धोका तर काढताना असतो, कारण विषाणू किटच्या बाहेरच्या बाजूला बसलेला असतो. हातमोजे आधी उतरवायचे, मास्क सगळ्यात शेवटी, आणि मधल्या प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ करायचे, हे मला गाडीवरच्या डॉक्टरांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून दाखवलं. तोवर मी कितीतरी दिवस घामाने चिकटलेला मास्क आधी ओढून काढत होतो.

आमचं घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, संडास सार्वजनिक. गाडी लावायची त्या ठिकाणी आंघोळीची सोय नव्हती, म्हणून ड्युटीचे कपडे अंगावर घेऊनच घरी यावं लागे. बायको गॅलरीत जुन्या साडीचा आडोसा बांधायची आणि बादलीत साबणाचं गरम पाणी ठेवायची. मी कपडे त्यात बुडवून, अंग धुऊनच आत जायचो. आईला मधुमेह. ती आतल्या भिंतीशी झोपायची, मी उंबऱ्याशी.

एवढं करूनही एक गोष्ट राहिलीच होती. घरात फोन एकच. दिवसभर तो माझ्या खिशात, आणि संध्याकाळी त्यावरच मुलीची शाळा. कपडे भिजत घातले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि फोन तसाच तिच्या हातात दिला, असं किती दिवस केलं ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. मग फोन ड्युटीवर दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून न्यायला लागलो. घरी आल्यावर पिशवी फेकायची आणि फोन सॅनिटायझरने पुसायचा. हे मला माझ्या बायकोने सुचवलं, कुठल्या परिपत्रकाने नाही.

केंद्राने 30 मार्च 2020 पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना 50 लाखांचं विमा संरक्षण दिलं. ते हवंच होतं. पण तो पैसा माणूस गेल्यावर घरी येतो. आम्ही जिवंत घरी जावं आणि घरच्यांना काही होऊ नये, यासाठी लागणारा खर्च त्यापुढे फारच थोडा आहे.

रुग्णवाहिकेच्या प्रत्येक थांब्यावर नळ आणि न्हाणीघर हवं. त्याला दोन दारं असावीत, एकातून ड्युटीच्या कपड्यांत आत जायचं, दुसऱ्यातून घरच्या कपड्यांत बाहेर पडायचं. ड्युटीचे कपडे तिथेच धुतले जावेत. किट घालण्या-काढण्याचा सराव साथ नसतानाही दर सहा महिन्यांनी व्हावा, तोही चालक, मदतनीस आणि सफाई कामगारांसकट सगळ्यांचा. चालकाची केबिन आणि रुग्णाचा कप्पा यांच्यामधली खिडकी घट्ट बंद होते का, हे गाडी ताब्यात घेतानाच तपासलं जावं. आणि ज्यांच्या घरी म्हातारी किंवा आजारी माणसं आहेत, त्यांच्या राहण्याच्या जागा आत्ताच ठरवून ठेवा. पोलिसांची आणि अग्निशमन दलाच्या जवानांची अडचणही हीच आहे, त्यांनाही यात धरा.

आमच्या शेडमागे दहा बाय सहाची जागा मोकळी पडून आहे. पाण्याची लाइन तिथून चार हातांवर आहे.

आपला,
एक रुग्णवाहिका चालक