मोजमाप न करता फ्युएल पंप बदलल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: पेट्रोल पुरवठ्यातील दोषाचे चुकीचे निदान व अनावश्यक बिल

महोदय,

आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने माझ्या पेट्रोल गाडीचा टाकीतला फ्युएल पंप बदलला, वर इंजेक्टर क्लीनिंगही लावले. दोष मात्र जागच्या जागी आहे. आयडलला (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिन व्यवस्थित, सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पण चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की गाडी गुदमरते आणि झटके देते. स्कॅनरवर पी ०१७१ हा कोड (मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी) पुन्हा आला आहे.

जॉब कार्डवर फक्त 'प्रेशर कमी, पंप खराब' असे लिहिले आहे. किती कमी? कोणत्या आरपीएमला? प्रेशर मोजायचा गेज लावला होता का?

फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो ते, पाहिला असता तरी दिशा कळली असती. आयडलला तो +३ टक्के आहे, लोडवर +२२ वर जातो. इनटेकमधून हवा ओढली जात असती, तर उलट झाले असते: आयडलला जास्त, आरपीएम वाढला की कमी. अर्थात एअर फ्लो सेन्सर घाण असला तरी लोडवर ट्रिम असाच चढतो, म्हणून गेज लावल्याशिवाय इलाज नाही. मॅन्युअलप्रमाणे रेलचे (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचे) प्रेशर ३.५ बार हवे. गेज समोरच्या काचेवर दिसेल असा बांधून गाडी चालवली. आयडलला ३.४ बार, पूर्ण ॲक्सिलरेटरवर २.६. हे तुमचा नवा पंप बसवल्यानंतरचे आकडे आहेत.

खरा दोष वायरिंगमध्ये निघाला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंपाच्या कपलरवर (वायरच्या प्लगवर) ११.२. प्लस बाजूला ०.३ व्होल्ट पडतात, अर्थिंगच्या बाजूला तब्बल २.६. एका बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडले, तर त्या बाजूचे जोड तपासायलाच हवेत. मागच्या सीटखाली बॉडीला लावलेल्या अर्थिंगच्या टर्मिनलवर हिरवट गंज आहे, वायरच्या तारा क्रिंपपाशी (टर्मिनल दाबून बसवतात तिथे) काळ्या पडल्या आहेत. कमी व्होल्टेजवर पंप हळू फिरतो. आयडलला निभावते, लोडवर पेट्रोल पुरत नाही.

आपल्या मेकॅनिकने कपलर काढून मीटर लावला असावा. कपलर सुटा असताना करंट वाहत नाही, त्यामुळे गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ही तपासणी पंप चालू ठेवून, कपलरच्या मागून प्रोब घालूनच होते. पंपाच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तात्पुरती जाड वायर ओढली (आधी बॅटरीचे टोक काढून, पेट्रोलची वाफ असते तिथे ठिणगी नको), तेव्हा लोडवरही ३.५ बार टिकले आणि झटके थांबले.

इंजेक्टर क्लीनिंगचे कारण तर कळतच नाही. इंजिन बंद केल्यावर रेलचे प्रेशर टिकून राहते, म्हणजे इंजेक्टर गळत नाहीत. ते चोंदले असते, तर लोडवर रेलचे प्रेशर पडले नसते.

माझ्या मागण्या:

पंप, मजुरी आणि इंजेक्टर क्लीनिंगची रक्कम परत करावी. अर्थिंगचा टर्मिनल कापून नवा क्रिंप करावा, खालचा पत्रा रंग खरवडून साफ करावा आणि हे काम विनामूल्य व्हावे. त्यानंतर आयडल व पूर्ण लोड दोन्हीचे प्रेशर आणि पंप चालू असतानाचा व्होल्टेज ड्रॉप जॉब कार्डवर आकड्यांत लिहून द्यावा. काढलेला जुना पंप मला दिलेला नाही, तोही परत मिळावा.

गेज आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो सोबत जोडले आहेत. लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपला,
एक ग्राहक