आबांचा कट्टा

सावंतवाडी, वैशाख

प्रिय बाळ्या,

शिमग्यापासून तुझ्या पत्राला उत्तर नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. इकडे सगळे बरे, माझं पित्त नेहमीचंच.

लिहायचं कारण आबा. गणपतीच्या मूर्तिशाळेच्या छपराला पैसे जमले, तेव्हा लगेहात आतली मांडणीही बदलू असं ठरलं. आर्किटेक्टने नकाशा दिला: ओळीने टेबलं, काचेच्या खोल्या आणि उत्तरेच्या खिडकीपाशी चहाची जागा! अरे, रंग बघायला दिवसभर एकसारखा उजेड मिळतो तो तिथेच. हल्ली सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन शिरतं तेवढं सोड. तिथे बसून लोक बिस्किटं बुडवणार.

म्हणून मी तो नकाशा चुन्याने जमिनीवर खऱ्या मापात आखला आणि सगळ्यांना म्हटलं, आठवडाभर यात काम करा. पहिल्याच दुपारी खारा वारा सुटला आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या पक्याच्या लेथचा भुसा थेट शमीच्या गंजिफांच्या पत्त्यांवर. दशावतारी संच म्हणजे १२० पानं, आणि ओल्या रोगणावर पांगाऱ्याची धूळ बसली की पान गेलंच. दोघांचा अबोला. (आपलं ब्रशवरून झालं होतं तसाच. ब्रश माझाच होता.) आता लेथ पूर्वेच्या पडवीत नेतोय. वारा भुसा बाहेर काढेल, आणि पावसाची झड पश्चिमेची, त्यामुळे मोटारही कोरडी राहील. शमीला खोली नकोच आहे, पानं वाळवायला जाळीचं कपाट हवं. खोलीत कोंडून घेतलं तर ‘हा तांबडा बरा का’ हे आबांना विचारायचं कसं, म्हणते.

तर आबा. डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद सांगितलंय. आबा म्हणतात, “गणपती पाटार बसता, मगे मी खुर्चेर कित्याक बसू?” तू स्टूल आणलंस त्या वर्षी चतुर्थीपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते, तुला वेगळं काय सांगू. पण हल्ली उठताना खांब धरतात, आणि आधी कुणी बघत नाही ना ते बघतात.

माझ्या मनात आहे खिडकीपाशी दीड फुटी कट्टा. वर मांडी घालता येईल, उठताना पाय खाली सोडले की झालं. पुढ्यात बेअरिंगवर फिरणारा पाट, म्हणजे मूर्तीभोवती त्यांनी सरकायला नको. चिऱ्याचा नाही, लाकडीच. मूर्तीसाठी घराघरांतले पाट येऊन पडले की शाळेत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा कट्टा हलवता यायला हवा. पण गुडघ्यांसाठी केलाय असा वास जरी आला तरी ते त्यावर शाडूची पोती रचतील. शमी म्हणते, मूर्तीसाठी केला म्हणून सांगा. आबांना फसवायला निघाली!

आर्किटेक्ट ऐकेल, माणूस बरा आहे. आबांना तूच सांग. तुझं ते ऐकणार नाहीत, पण तुला खोटं पाडायला तरी कट्ट्यावर चढून बसतील.

पोरीच्या दहावीचं काय झालं? आणि डोंबिवलीच्या नव्या जागेत पाणी येतं का? वहिनींना नमस्कार.

बैठक रविवारी आहे. शुक्रवारी रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडलीस तर शनिवारी दुपारी इथे. फणसाच्या फळ्या नानाकडे आहेत, पण माझ्याकडून तो रोख मागतो. तू आलास तर उधार देईल.

तुझा,
दिग्या