कुडाळच्या दुरुस्तीवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन निघताना मी आपले आभार मानले ते फार घाईत, कारण वेंगुर्ल्याची एसटी फलाटाला लागलेली होती आणि आपल्या दुकानातल्या बाकड्यावर आणखी दोघे जण आपापले बिघडलेले सामान मांडीवर घेऊन बसले होते. म्हणून हे पत्र. ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण समुद्राजवळ राहून गेमिंग लॅपटॉप वापरणाऱ्या आणि माझ्यासारख्याच हैराण झालेल्या कुणाच्या तरी ते उपयोगी पडेल असे वाटते.

हा लॅपटॉप मी २०२१ मध्ये घेतला तो घरांच्या आराखड्यांची रेंडर, म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी चित्रे, करण्यासाठी. संध्याकाळी काम आटोपले की त्याच्यावर मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळते, आणि हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण दुखणे पहिल्यांदा लक्षात आले ते गेममुळेच. सुरुवातीला सेकंदाला ७५ ते ८० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रे, मिळत. पंधरा मिनिटांत त्या ४५ च्या आसपास येऊन वरखाली होऊ लागत, पंखे भाताच्या गिरणीसारखे घोंगावत आणि कीबोर्डच्या वरची पट्टी बोट ठेवता येणार नाही इतकी तापे. पुढेपुढे तर तासाभराने फ्रेम एकदम १२ वर कोसळत आणि गाडी वळणावर जागच्या जागी थिजत असे. हा सगळा एकाच रोगाचा वाढता जोर आहे, असे मी धरून चालले होते. एका सेवाकेंद्राने यंत्र न उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगून ३८,००० रुपयांचा अंदाज दिला. घरच्यांनी गावातल्या कमी व्होल्टेजला दोष दिला. मी अठराशे रुपये मोजून पंख्यांचा कूलिंग पॅड आणला, त्याने तापमान जेमतेम दोन-तीन अंशांनी उतरले.

आपण मात्र स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतलाच नाही. तळाशी हात लावून पाहिलात, पंख्याच्या झरोक्यापाशी तळवा धरलात आणि म्हणालात, ‘‘ह्येका ताप इलोहा, मरूक नाय ह्यो.’’ खरे सांगायचे तर तेवढ्या एका वाक्याने मला जो धीर आला, तो त्याआधीच्या तीन महिन्यांत कुणी दिला नव्हता. मग आपण एचडब्ल्यूइन्फो हा मोजमापाचा प्रोग्राम चालू करून दर दोन सेकंदांनी तापमान, क्लॉक (प्रोसेसरचा वेग) आणि वॅट (लागणारी वीज) यांची नोंद होईल अशी व्यवस्था केलीत आणि मला तुमच्यासमोर बसून सव्वा तास गेम खेळायला लावलेत. दुरुस्तीच्या दुकानात जाऊन गेम खेळण्याचा योग माझ्या नशिबी कधी येईल, असे वाटले नव्हते.

त्या नोंदींचा तक्ता आपण ज्या रीतीने वाचून दाखवलात, ती रीत मी विसरणार नाही. पहिल्या भागात प्रोसेसर ९८ ते १०० अंश सेल्सिअसवर टेकलेला होता आणि त्याचा क्लॉक ४ गिगाहर्ट्‌झवरून २ च्या जवळ घसरत होता. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच १०० अंश आहे; ती गाठली की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो, थोडा निवला की पुन्हा वाढवतो, आणि फ्रेमचा वरखाली खेळ होतो तो यामुळे, हे आपण समजावलेत. खात्री करून घेण्यासाठी आपण विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ वर आणलीत. एका टक्क्याने काय होणार, असे माझ्या मनात आले होते. पण तेवढ्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो; तापमान ८४ वर आले आणि फ्रेम जेमतेम पाच-सहा कमी झाल्या. उष्णतेचा संशय तिथे पक्का झाला.

पण आपण तिथे थांबला नाहीत, आणि मुख्यतः मी आभार मानते ते या न थांबण्याबद्दल. तक्त्याच्या शेवटच्या भागातल्या एका ओळीवर आपण बोट ठेवलेत: प्रोसेसर ६६ अंशांवर, म्हणजे चांगला थंड, आणि क्लॉक मात्र ०.८ गिगाहर्ट्‌झ. ‘‘थंड असून चालत नाही, म्हणजे हा ताप नव्हे, ही भूक,’’ असे म्हणून आपण विचारलेत की गेम चालू असताना बॅटरीचा आकडा किती असतो. त्याकडे मी कधी पाहिलेच नव्हते. चार्जर लावलेला असूनही तासाभरात बॅटरी १०० वरून ३८ वर उतरली होती.

मग आपण चार्जर उलटा करून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे भिंगाखाली धरलीत. २० व्होल्ट, ६ अँपिअर. गुणाकार १२० वॅट. या लॅपटॉपचा मूळ चार्जर २३० वॅटचा होता. तो गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली त्या रात्री जळाला, आणि पिन तीच, कंपनी तीच म्हणून मी मावसभावाचा जुना चार्जर लावून काम भागवत होते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जोरात असताना लागणारी वीज १२० वॅटच्या बरीच वर जाते. वरची तूट बॅटरी भरून काढते आणि बॅटरी एका मर्यादेखाली गेली की लॅपटॉप सगळ्यांचाच शिधा तोडतो. चूक पूर्णपणे माझी होती, आणि आपण ती सांगितलीत ती मला ओशाळवाणे वाटणार नाही अशा बेताने. त्याच लेबलवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असेही छापलेले होते, म्हणजे गावचे व्होल्टेज १८० वर उतरले तरी चार्जरचे त्यामुळे अडत नाही. आमच्या घरातला एक जुना वाद त्या दिवशी मिटला.

यंत्र उघडण्याचा प्रसंग मी जवळून पाहिला. तळाचे अकरा स्क्रू आपण थर्माकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपच्याच आकारात टोचून ठेवलेत, कारण पुढचे आखूड आणि मागचे लांब होते. सर्वांत आधी बॅटरीची जोडणी काढलीत. पंख्याच्या पात्यांवर थोडीच धूळ होती, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला यंत्र स्वच्छच वाटले असते. पण पंखा उचलल्यावर त्याच्या आणि तांब्याच्या पत्र्यांच्या मध्ये तांबूस नमद्यासारखा एक थर सापडला, जो आपण चिमट्याने अखंड पट्टीसारखा बाहेर काढलात. जांभ्याची लाल धूळ, कपड्यांचे तंतू आणि खारे वारे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओले होते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती त्याहून कितीतरी वर असते. त्यामुळे घाटावर जी धूळ फुंकरीने उडते, ती इथे चिकटून बसते. कूलिंग पॅड फुकट का गेला, हे मला तेव्हा कळले. खालून कितीही वारा घातला तरी बाहेर पडायची वाट बंद होती.

ब्लोअर मारण्यापूर्वी आपण पंख्याच्या पात्यांमध्ये माडाच्या झावळीचा एक हीर अडकवलात, म्हणजे पंखा भलत्या वेगाने गरगरून त्याचे बेअरिंग खराब होऊ नये. हे कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही. प्रोसेसरवरची, त्याची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेल्या चुन्यासारखी कोरडी झाली होती. ती आपण ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलीत, औषधांच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या नव्हे, कारण त्यात उरलेले पाणीच असते. मेमरीच्या चिपांवरचे थर्मल पॅड शाबूत असल्यामुळे तसेच ठेवलेत आणि त्यांच्या जागी पेस्ट भरू नये, तिने ती फट भरत नाही, असे बजावलेत. हीटसिंकचे, म्हणजे उष्णता बाहेर नेणाऱ्या धातूच्या भागाचे, स्क्रू त्यांच्या शेजारी कोरलेल्या आकड्यांच्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळलेत.

आता २३० वॅटचा नवा चार्जर आणि टर्बो पुन्हा चालू असताना प्रोसेसर ८२ ते ८५ अंशांवर राहतो, ग्राफिक्स कार्ड ७३ वर, आणि ज्या रेंडरला ५२ मिनिटे लागत ते ४१ मिनिटांत होते. आपल्या सांगण्यावरून मी गेमला ६० फ्रेमची मर्यादा घातली आहे. ‘सरासरी ५८ आहे, तरी झटके का बसतात’ या माझ्या प्रश्नाला आपण जे उत्तर दिलेत, ते डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, पखवाज वाजवणाऱ्यालाच सुचावे: ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एक थाप, आणि त्यातली एकच थाप ५० मिलिसेकंदांनी पडली तर मिनिटभरातल्या थापांच्या मोजणीत ते दिसत नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच कळते. तेव्हापासून मी सरासरीकडे पाहणे सोडले आहे.

या सगळ्याचे आपण ९०० रुपये घेतलेत आणि मी पुढे केलेली पाचशेची जादा नोट परत माझ्याच पिशवीत टाकलीत. चार्जरसुद्धा आपण स्वतः विकला नाहीत. वॅट आणि पिनचा आकार एका चिठ्ठीवर लिहून दिलात आणि मूळ कंपनीचाच मागव म्हणालात. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. मावसभावाच्या चार्जरवर ‘१२० वॅट, या लॅपटॉपला लावू नये’ असे लाल शाईने लिहून तो त्याला परत केला आहे. गादीवर लॅपटॉप ठेवण्याची सवय मात्र अजून पुरती सुटलेली नाही. प्रयत्न चालू आहे.

गणपती झाल्यावर एकदा उघडून पाहू, असे आपण म्हणाला होतात. विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या गाडीने येते, आणि येताना आमच्या माडाचे चार ताजे हीर घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
वेंगुर्ल्याची एक ग्राहक