विषबाधेवर फक्त ‘पॅम’ पुरेसे नाही

महोदय,

कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ ची आठवण निघतेच. त्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात होते. तेव्हापासून मास्क आणि हातमोज्यांवर पुष्कळ छापून आले. उपचारांबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

ऑर्गॅनोफॉस्फरस या गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन या मुख्य उताऱ्याच्या जोडीला प्रॅलिडॉक्सिम हे औषध देतात. वॉर्डात त्याला ‘पॅम’ म्हणतात. परिचारिका म्हणून नोकरी करताना, ‘बाहेरून पॅम आणा’ अशी चिठ्ठी मिळताच उसनवारीसाठी धावणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. हे औषध खरोखर किती जीव वाचवते?

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर आपल्याच बारामतीतून आले. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिथल्या डॉक्टरांची २०० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना ४८ तास ताशी एक ग्रॅम पॅम सलग दिले, त्यांच्यात मृत्यू १ टक्का. दर चार तासांनी एक ग्रॅम दिलेल्यांत ८ टक्के. पण २००९ मध्ये श्रीलंकेतील २३५ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मात्रा देऊनही पॅम मिळालेल्या १२१ पैकी ३० जण गेले, नुसते सलाइन मिळालेल्या ११४ पैकी १८. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, त्यामुळे औषधाने अपाय झाला असे सिद्ध होत नाही. फायदाही दिसला नाही, एवढे नक्की.

यामागे वेळेचा मोठा भाग असावा असे मला वाटते. विष शरीरातल्या कोलिनएस्टरेज या मज्जातंतूंच्या कामासाठी लागणाऱ्या विकराला (एन्झाइमला) धरते आणि काही काळाने ती पकड कायमची होते. मग पॅमचा उपयोग नाही. या विषांचे रासायनिक रचनेनुसार दोन मुख्य प्रकार आहेत: मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल विषांत हे काही तासांतच घडते, डायइथाइल विषांत दिवसभराहून अधिक अवधी मिळतो. शेतातून गावात, गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला येईपर्यंत आमच्याकडे ते तास संपलेले असतात. म्हणून ग्रामीण रुग्णालयातच भरपूर ॲट्रोपिन, ऑक्सिजन आणि श्वासनलिकेत नळी टाकू शकणारा डॉक्टर हवा. पॅम त्यानंतरची गोष्ट. विष कोणते ते डॉक्टरांना कळावे म्हणून रुग्णासोबत कीटकनाशकाची बाटली किंवा निदान तिचे लेबल आणावे, हे प्रत्येक कृषी केंद्रावर ठळक लिहिलेले असावे.

हीच विषे पिऊन अनेक जण जीव देत असलेल्या श्रीलंकेने मोनोक्रोटोफॉस १९९५ मध्येच बंद केले, पुढे आणखी जहाल विषे हटवली आणि दोन दशकांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आपल्याकडे २०१३ मध्ये बिहारमधील शाळेच्या पोषण आहारात मोनोक्रोटोफॉसनेच २३ मुले गेली, तरी केंद्राचा बंदीचा आदेश निघायला २०२३ उजाडले. आता दुकानांच्या फळ्यांवर ते खरोखर उरले आहे का, याची तपासणी कृषी विभागाने या हंगामात करावी आणि तिचा तालुकावार अहवाल आपण छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, वणी (जि. यवतमाळ)