सीएसएमटीच्या इतिहासात सोलापूर कुठे?

संपादक महोदय,
स. न.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर लेख आला की त्यात काय असणार हे आता पाठ झाले आहे. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी, स्टीव्हन्स यांचा आराखडा, २००४ मधला युनेस्कोचा मान आणि मग लोकलची गर्दी. कल्याणच्या पुढे जणू रूळ गेलेच नाहीत!

वास्तविक ही इमारत बांधली गेली ती जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे या, आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वज कंपनीच्या मुख्य कचेरीसाठी. तो मोठा घुमटसुद्धा फलाटांवर नाही, कचेरीच्या जिन्यावर आहे. विजेची लोकल तिथून धावली ती थेट १९२५ मध्ये, कुर्ल्यापर्यंत. त्याआधी कितीतरी वर्षे या कंपनीचा पसारा घाटावर, आपल्या कापसाच्या मुलखात पोचला होता.

सोलापूरला गाडी आली १८६० साली. आजच्या इमारतीचे काम सुरू व्हायला तेव्हा १८ वर्षे अवकाश होता, आणि मुंबईपर्यंत सलग रूळही नव्हते. बोरघाटातला मार्ग खुला झाला १८६३ मध्ये. तोवर मुंबईला निघालेल्या सोलापूरकराने खंडाळ्याला उतरायचे, ऐपतीप्रमाणे पालखीने, तट्टावरून नाहीतर पायी घाट उतरून खोपोली गाठायची आणि तिथून बोरीबंदरची गाडी धरायची. आज वंदे भारत साधारण साडेसहा तासांत सीएसएमटीला सोडते. त्या गाडीत एसी नीट चालत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) हे एकदा वाचावे.

घाट फोडताना पटकीने आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले. टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर मात्र चेहरे कोरले आहेत ते कंपनीच्या कारभाऱ्यांचे. त्यात जगन्नाथ शंकरशेट आहेत, एवढेच समाधान.

माझी मागणी साधी आहे. मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाने स्थानकाच्या प्रतीक्षालयात १८६० चा नकाशा लावावा, खंडाळा-खोपोलीमधली तुटलेली रेघ ठळक दाखवून. खर्च फारसा नाही. आणि येत्या १६ एप्रिलला आपल्या सोलापूर आवृत्तीने तरी बोरीबंदर-ठाण्याच्या त्याच छायाचित्राऐवजी हा नकाशा छापावा.

आपला,
एक जुना वाचक, रेल्वे लाइन्स, सोलापूर