आई, क्यूब चायनीज नाही!

प्रिय आई, बाबा आणि चिनू,

परवा फोनवर आई म्हणत होती की चिनू जेवतानासुद्धा तो रुबिक क्यूब खाली ठेवत नाही, आणि हे चायनीज खेळणं घरात आणलं कुणी. अगं आई, चायनीज नाही ते, इथलंच आहे, हंगेरीतल्या बुडापेस्टचं! एर्नो रुबिक इथल्या डिझाइन कॉलेजात शिकवायचे. १९७४ साली त्यांनी पहिला क्यूब केला तो लाकडाचे ठोकळे आणि रबरबँड घेऊन. खेळणं करायचं असं काही डोक्यात नव्हतंच, एकच किडा की तुकडे वेगवेगळे फिरले पाहिजेत पण सगळं मिळून सुटं पडता कामा नये. मग बाजूंना रंग दिले, चार वेळा फिरवला, आणि आता परत जागेवर आणायचा कसा? स्वतःच केलेलं कोडं सोडवायला सरांना महिनाभर लागला, त्यामुळे चिनूला ओरडू नकोस.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं दुकान चालवलंत म्हणून पुढचं खास तुमच्यासाठी. मला तर वाटतं क्यूब जगभर गेला तो रुबिकच्या डोक्यामुळे जेवढा, तेवढाच एका सेल्समनमुळे. १९७७ च्या शेवटी इथल्या दुकानांत तो आला, पोरं खेळायची, मास्तर लोक खेळायचे, पण सगळं देशातल्या देशात, कारण तेव्हा इथे कम्युनिस्ट सरकार, बाहेर माल विकायचा तर सरकारी कंपनीमार्फतच. मग तिबोर लात्सी नावाच्या एका धंदेवाल्या माणसाने कॅफेत वेटरच्या हातात क्यूब बघितला आणि तिथेच विकत घेतला. नंतर रुबिकला भेटला तर म्हणे कपडे असे गबाळे आणि तोंडात स्वस्तातली सिगरेट, की याला थोडे पैसेच द्यावेत असं त्याला वाटलं 😄

१९७९ ला जर्मनीत न्युरेंबर्गला खेळण्यांचा मोठा बाजार भरला होता, तिथे हा माणूस हातात क्यूब घेऊन फिरवत फिरवत नुसता हिंडला. आणि हेच बरोबर केलं त्याने, कारण क्यूब दुकानाच्या फळीवर ठेवला तर काय, रंगीत ठोकळा, ना आवाज ना लाइट, कोण बघणार त्याच्याकडे? कुणीतरी समोर फिरवत असेल तरच आपले हात शिवशिवतात. तिथे त्याला खेळण्यांच्या धंद्यातला टॉम क्रेमर भेटला, त्याने आयडियल टॉय या अमेरिकन कंपनीला गळ घातली आणि थेट १० लाखांची ऑर्डर आली. आधीचं मॅजिक क्यूब हे नाव बदलून रुबिक्स क्यूब केलं आणि १९८० पासून जे वेड लागलं की विचारू नका. १९८१ मध्ये तर क्यूब कसा सोडवायचा याची पुस्तकंच अमेरिकेत बेस्टसेलर होती, एक तर इंग्लंडमधल्या तेरा वर्षांच्या शाळकरी पोराने लिहिलेलं!

मग व्हायचं तेच झालं. मागणी पुरी होईना, तैवान-हाँगकाँगच्या नकलांनी बाजार भरला आणि १९८२ मध्ये सगळं धाडकन खाली. त्याच वर्षी जूनमध्ये इथे बुडापेस्टला पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, मिन्ह थाय नावाचा अमेरिकन मुलगा २२.९५ सेकंदांत जिंकला. पुढची चॅम्पियनशिप थेट २००३ ला टोरांटोत! तोवर इंटरनेट आलेलं होतं, ट्रिका एकमेकांना सांगता येत होत्या, पोरं परत क्यूब हातात घ्यायला लागली. आता चार सेकंदांच्या आतही सोडवतात.

चिनू, तुला सांगते, क्यूब कितीही बिघडलेला असू दे, जास्तीत जास्त २० चालींत सुटतो, २०१० मध्ये कॉम्प्युटरवर सिद्ध केलंय. तुझ्या किती होतात ते मोजून कळव, आणि जेवताना खाली ठेव रे बाबा, आई मला फोन करते.

तुमची,
मनू