पुराचं पाणी माझ्या उंबऱ्याला किती फुटांवर लागतं, ते घरपट्टीवर छापा

मा. मंत्री महोदय,
मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

जुलै लागला की सांगलीत "पाऊस किती?" असं कुणी विचारत नाही, "आयर्विनला किती?" असं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांना धोका. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर तेच आकडे ३९ आणि ४३. शाळेतल्या पोरांनाही हे पाठ असतं. पण हा आकडा पुलाचा झाला. माझ्या गल्लीत ४५ ला काय होतं, ५० ला पाणी उंबरा ओलांडतं का, ५४ ला मीटरबोर्डाला टेकतं का, हे सांगणारा सरकारी कागद कुणाच्याच घरात नाही. भागवार अंदाज सगळ्यांना असतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरातली माणसं इशारा पातळीची वाट न बघताच सामान आवरायला लागतात. पण एकाच गल्लीत दोन घरांच्या जोत्यांत तीन फुटांचा फरक असतो आणि पुरात तीन फूट म्हणजे फ्रिज, गव्हाची पोती आणि पोरांची दप्तरं.

माझी मागणी एवढीच आहे की हा आकडा घरागणिक काढावा आणि घरपट्टीच्या बिलावर छापावा. "आपल्या जोत्याला पाणी लागण्याची पातळी: आयर्विन, अमुक फूट." एक ओळ. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ मध्ये ५७ च्या वर, २०२१ मध्ये ५४ च्या वर. म्हणजे कुठल्या वर्षी कुठल्या घरात पाणी शिरलं याची साक्ष देणारी हजारो माणसं अजून हयात आहेत, पंचनामे आपल्याच दप्तरात आहेत. जोत्याची उंची मोजणं हे लेव्हल मशीन घेऊन फिरणाऱ्या सर्वेअरचं काम आहे. जागतिक बँकेच्या मदतीने कोल्हापूर-सांगलीसाठी पूरनियंत्रणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतलाच आहे. त्यातला एक कोपरा या मोजणीला द्या.

पूररेषा आहेत की, असं आपले अधिकारी म्हणतील. आहेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. नदीपासून निळीपर्यंत निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. पण या रेषा बांधकाम परवान्यासाठी आखल्या गेल्या; घर घेणाऱ्याला त्या कळाव्यात अशी सोय कुणी केली नाही. शिवाय "२५ वर्षांतून एकदा" या शब्दांनी घात होतो. २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत निवांत, असं लोकांना खरंच वाटतं. मग दोनच वर्षांत पुन्हा पाणी आलं. याचा खरा अर्थ, दरवर्षी शंभरात चार शक्यता. गृहकर्ज २० वर्षांचं असेल तर ते फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता ५५ टक्क्यांच्या वर जाते. लाल रेषेवरच्या घरालाही २० वर्षांत ती १८ टक्के भरते. कर्ज मंजूर करताना बँक पगाराच्या स्लिपा तीनदा तपासते, हा हिशेब कुणीच मांडत नाही.

आता विम्याकडे येतो, कारण त्याची गाठ इथेच आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्व साधारण विमा कंपन्यांना सक्तीने विकायला लावली. पॉलिसी चांगली आहे, हे मोकळेपणाने सांगतो. पूर आणि पाणी साचणं, दोन्ही त्यात येतं. इमारतीची विमा रक्कम कार्पेट क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर अशी निघते. जागेची किंमत त्यात धरायची नसते, त्यामुळे लोकांना वाटते त्यापेक्षा रक्कम, आणि म्हणून हप्ताही, कमी बसतो. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं संरक्षण आपोआप मिळतं. रक्कम थोडी कमी लावली म्हणून दावा कापायचा, ही जुनी खोडही त्यात काढून टाकली आहे.

तरीही माझ्या ओळखीत ही पॉलिसी घेतलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. "कर्ज काढताना विमा काढलाय की" हे उत्तर नेहमी ऐकू येतं. कागद उघडून बघितला की बहुतेक वेळा तो कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतो. कर्जदार गेला तर बँकेचे पैसे सुरक्षित. भिंत पडली तर त्यात छदाम नाही. दुसरं उत्तर फ्लॅटवाल्यांचं: "सोसायटीचा असेल." गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा विमा सक्तीचा केलाय खरा, पण तो आग आणि भूकंपाचा. पूर हा शब्दच तिथे नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठावरच्या सोसायट्यांनी भूकंपाचा विमा काढायचा आणि पुराचा राम भरोसे ठेवायचा, हा विनोद आपल्याच सरकारच्या कागदावर आहे.

विमा असेल तर सरकारी मदत नको, असं मात्र कृपा करून कुणी म्हणू नये. आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये आणि अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये मिळतात. ६,५०० रुपयांत भिजलेलं वायरिंगसुद्धा बदलून होत नाही. ही रक्कम सानुग्रह आहे, भरपाई नव्हे, आणि तलाठ्याच्या पंचनाम्यावर तिचं भवितव्य ठरतं. गरिबाला तीच आधाराची आहे, ती राहिलीच पाहिजे. ज्याला हप्ता परवडतो त्याने विमा घ्यावा असं वाटत असेल, तर आधी त्याच्या हातात त्याचा धोका ठेवा. धोका माहीत नसलेला माणूस विमा घेत नाही, आणि घेतलाच तर पाणी ३५ फुटांवर असताना एजंटाला फोन करतो.

घरागणिक आकडा छापायला विरोध कुठून होईल, हेही मला माहीत आहे. "भाव पडतील." बिल्डर म्हणतील, नगरसेवक म्हणतील, आणि खरं सांगायचं तर आम्ही घरमालकही म्हणू, कारण आमच्यातल्या काहींना पुढच्या वर्षी फ्लॅट विकायचाय. पण हे भाव आज कशावर टिकलेत? बाहेरगावाहून बदलीवर आलेल्या शिक्षकाला किंवा बँकेतल्या कारकुनाला उन्हाळ्यात घर दाखवायचं, भिंतीवरची रेघ रंगवून घ्यायची आणि २०१९ चा विषय काढायचा नाही, यावर. खरेदीखतात जागेच्या चतुःसीमा लिहितात, बोजा आहे का ते लिहितात. पाण्याची पातळी लिहायला काय हरकत आहे? नोंदणी कार्यालयात ती ओळ सक्तीची झाली तर भाव थोडा खाली येईल आणि तो तिथेच असायला हवा होता. उलट ज्याने जोतं चार फूट उचलून घेतलंय त्याला त्याच्या खर्चाचा मोबदला भावात मिळेल.

चिपळूणकरांना तर हे आमच्यापेक्षा जास्त लागू आहे. सांगलीत पाणी दोन-दोन दिवस सांगून चढतं. माळ्यावर सामान टाकायला वेळ मिळतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रातोरात शहरात शिरलं तेव्हा लोकांना काही उचलायला सवडच नव्हती. अशा गावात सामानाचा विमा ही चैन नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यात सीना नदीकाठी पूर आला, तिथे तर पुलावरचा आकडा बघायची सवयही नव्हती.

अमेरिकेत १९६८ पासून सरकारी पूरविमा आहे, पत्ता टाकला की पूरनकाशा उघडतो. तो विमा स्वतः अब्जावधी डॉलरच्या कर्जात आहे, तेव्हा त्याची नक्कल करा असं मी म्हणणार नाही. नकाशा तेवढा घ्या.

दोन गोष्टी आपल्या शब्दावर लगेच हलू शकतात. सहकार खात्याला सांगून आदर्श उपविधींत आग आणि भूकंपाशेजारी पूर हा एक शब्द घालून घ्या. आणि जीएसटी परिषदेत महाराष्ट्राने एक विषय मांडावा: वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के तसाच आहे. जोत्यांच्या मोजणीला एखादं वर्ष लागेल, हे समजतं. सुरुवात सांगली-मिरज-कुपवाडच्या एका प्रभागापासून केलीत तरी चालेल. मोजणीला माणसं आली तर आमची सोसायटी चहासकट सहकार्य करेल.

कळावे,
आपला,
गावभागातला एक घरमालक, सांगली